शब्दचर्चा : गेमचा डेमो म्हणजे वानगी की वानोळा?

प्रश्न : एका गेमच्या फुकट भागाखाली 'चाचणी आवृत्ती' लिहिलेलं दिसलं. गावातली पोट्टी त्याला सरळ 'डेमो' म्हणतात. मराठीत नेमका शब्द कोणता?

उत्तर : 'चाचणी' मला पटत नाही. अर्धामुर्धा गेम लोकांना देऊन त्यातल्या चुका शोधतात ती बीटा, तिला चाचणी आवृत्ती खुशाल म्हणा. डेमोत पारख गिऱ्हाईक करतं. कापसाची गाडी यार्डात लागली की व्यापारी वरचा कापूस सारतो, आतून मूठभर ओढतो, चिमटीत धरून धागा ताणतो आणि मगच भाव बोलतो. ती मूठ म्हणजे वानगी. डेमो म्हणजे वानगीच.

दुसरं उत्तर : वानगी मान्य, पण सगळीकडे नाही. 'डूम' हा गेम १० डिसेंबर १९९३ ला आला तेव्हा तीन भागांपैकी पहिला अख्खा फुकट होता, आणि तो दुसऱ्याला कॉपी करून द्यायलाही मोकळीक होती. पुढचे दोन भाग हवे तर पैसे पाठवून मागवायचे. ही रीत स्कॉट मिलर यांच्या अपोजी या गेम कंपनीने १९८७ च्या 'क्रोझ' या गेमपासून रुळवली. याला शेअरवेअर म्हणत. आता आमच्या वरुडकडचं पाहा. बागेतली संत्री उतरली की माय पिशवीभर शेजारी देते, शेजारीण त्यातली चार लेकीकडे धाडते. याला आम्ही वानोळा म्हणतो (पुस्तकात वानवळा). व्यापाऱ्याच्या मुठीतला कापूस असा घरोघरी फिरत नाही, वानोळा फिरतो. 'डूम'चा पहिला भाग तसाच फ्लॉपीवरून फ्लॉपीवर फिरला. म्हणून शेअरवेअरला वानोळाच शोभतो.

प्रश्नकर्ता : वानोळा फार आवडला, घरचाच शब्द. मग स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाचं काय? २०१५ पासून तिथे घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात.

उत्तर : ते जांगड. लग्नघरी दुकानदार दहा लुगडी जांगड देतो, पसंत पडली ती ठेवायची, बाकीची घडी न मोडता परत. हा शब्द मरू देऊ नका, बाजारपेठेतल्या जुन्या दुकानांत अजून कानावर येतो.

दुसरं उत्तर : शब्द गोड आहे, पण जांगडात पैसे नंतर द्यायचे असतात. स्टीमवर आधी मोजावे लागतात. मी 'परतीच्या बोलीवर' म्हणेन.