आईचा खुबा मोडलाय, खासगीत पावणेदोन लाख सांगतात. काय करू?

काजूवाली_साखळी
आई ७२ वर्षांची. परवा काजूच्या बागेत बोंडू वेचताना घसरली. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून जवळच्या खासगी इस्पितळात नेलं. एक्स-रे काढला, खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन लागणार. औषधं धरून पावणेदोन लाख, त्यातले पन्नास हजार आधी भरा म्हणतात. मी काजूच्या फॅक्टरीत आहे, हातात पंधरा हजार येतात. नवरा पिकअप चालवतो, काम मिळालं तर पैसे. आईला गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला दोन हजार येतात, ते तिच्या गोळ्यांतच संपतात. दीनदयाळ कार्डावर (गोवा सरकारचं आरोग्य विमा कार्ड) तिचं नाव भावाकडे आहे, पण हे इस्पितळ म्हणतं ते आमच्याकडे चालत नाही. दागिने गहाण टाकायचा विचार चाललाय. दुसरी काही वाट आहे का?

पेडण्याचा_बाब
सरकारी मेडिक्लेमचा अर्ज करा. आरोग्य संचालनालय, कांपाल. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि मामलेदाराकडून उत्पन्नाचा दाखला लागतो. आमच्या काकांचं काम झालं होतं.

निवृत्त_सिस्टर
बाब, काकांचा आजार वेगळा असणार. गोव्यातल्या सरकारी इस्पितळात जो उपचार होत नाही त्यासाठी मेडिक्लेम असतो, आणि तसं बांबोळीने, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळाने, लिहून द्यावं लागतं. खुब्याचं ऑपरेशन तर बांबोळीत रोजचंच. त्या अर्जाच्या मागे लागलात तर दाखले गोळा होईपर्यंत आई खाटेवरच. या वयात खुबा मोडून पडून राहणं वाईट, छातीत कफ भरतो, पाठीला जखमा होतात. दिवस घालवू नका.

बाय, दागिने राहू देत. पन्नास हजारही भरू नकोस. दीनदयाळ असो की आयुष्मान, यादीतल्या इस्पितळात आधी कार्ड दाखवून मंजुरी घ्यायची असते. यादीबाहेर स्वतः भरलेले पैसे मागून परत मिळतील या आशेवर राहू नकोस. आजच डॉक्टरांना सांग की आईला बांबोळीला हलवायचंय, एक्स-रे आणि रेफरची चिठ्ठी द्या. गाडीसाठी १०८ ला विचार. आतापर्यंतचं बिल बाबवार मागून घे आणि तेवढंच दे. बिल थकलं म्हणून रुग्णाला अडकवून ठेवता येत नाही, रुग्ण हक्कांच्या सनदेत तसं लिहिलंय. भांडायला जाऊ नकोस, पण माहीत असू दे.

बांबोळीला जाताना आईचं आधार आणि भावाकडचं दीनदयाळ कार्ड, मूळ कार्ड हं, फोटो नव्हे. मुदत बघून घे. त्यावर चार किंवा जास्त माणसं असतील तर वर्षाला चार लाखांपर्यंत, तीन किंवा कमी असतील तर अडीच लाख. आणि आई सत्तरीपार आहे ना? मग आयुष्मान वय वंदना कार्ड काढ. पाच लाखांपर्यंत, उत्पन्न विचारत नाहीत, आधारावर होतं. सत्तरीच्या लोकांना हे सांगायला कुणी घरी येत नाही, म्हणून मी जिथे तिथे सांगत सुटते.

एक विचारते. तुझ्या पगाराच्या पावतीवर ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचे पैसे, कापलेलं दिसतं का?

काजूवाली_साखळी
हो ताई, दर महिन्याला शंभराच्या वर कापतात. आम्हाला वाटायचं ते फक्त कामगाराला.

निवृत्त_सिस्टर
नाही गो, तुझ्यावर अवलंबून असलेल्या आईलाही मिळतं. ईएसआयच्या नोंदीत तिचं नाव आहे का ते फॅक्टरीच्या ऑफिसात विचार, नसेल तर घालून घे. मडगावला ईएसआयचं इस्पितळ आहे. पण आता त्या कागदांसाठी थांबू नकोस, आधी आईला बांबोळीला ने. ऑपरेशननंतरचं तपासणं, गोळ्या यांना ते कामी येईल. बांबोळीत ऑर्थोमध्ये, म्हणजे हाडांच्या विभागात, पहिला प्रश्न हाच विचार: खुब्यात बसवायचा भाग कुठल्या योजनेत, बाहेरून आणायला लागेल का? उत्तर कागदावर माग.

काजूवाली_साखळी
भाऊ कार्ड घेऊन निघालाय. इथले डॉक्टर रेफर द्यायला तयार झाले, बिल एक्स-रे आणि दोन दिवसांच्या खाटेचं. १०८ ला फोन लावतेय. वय वंदना कार्ड कुठे काढतात, ताई?

निवृत्त_सिस्टर
बांबोळीतच आयुष्मानच्या काउंटरवर विचार. मोबाईल आधारला जोडलेला असला तर सोपं. आईचा फोन विसरू नकोस, ओटीपी त्यावरच येतो.