सिंबलची उंची आणि कल कसा ठरवावा? (ड्रमसेट, नवशिका, सल्ला हवा)

उशिरा_सुचलेले (नाशिक)

नमस्कार मंडळी. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी ड्रम शिकायला घेतले असून त्याला आता दीड वर्ष होत आले आहे. घरी एक वापरलेला ड्रमसेट आहे आणि त्यासोबत १४ इंची हाय-हॅट (पायाने मिटणारी थाळ्यांची जोडी), १६ इंची क्रॅश (जोरदार ठोक्याची) व २० इंची राइड (सलग ठेक्याची) असे सिंबल, म्हणजे धातूच्या थाळ्या, आहेत. ज्यांच्याकडून तो विकत घेतला त्यांनीच घरी येऊन जोडून दिला आणि त्यानंतर मी त्यातले काहीही हलवले नाही, कारण हलवण्यामागचा हिशेबच मला ठाऊक नव्हता.

सध्या क्रॅश माझ्या कपाळाच्या उंचीवर आणि ताटासारखी आडवी आहे. राइड मात्र भिंतीवरच्या आरशासारखी जवळजवळ उभी, माझ्याकडे तोंड करून आहे. दोन गाणी वाजवली की उजवा खांदा भरून येतो. काठ्या टोकापासून चार-पाच बोटांवर उंदराने कुरतडल्यासारख्या झाल्या आहेत आणि गेल्या आठवड्यात क्रॅशच्या कडेवरून नख फिरवले तेव्हा एका ठिकाणी ते अडकले. हाय-हॅट पायाने मिटली की कधी ‘चिक्’ असा स्वच्छ आवाज येतो, तर कधी नुसते ‘फस्’ होते. आमच्या शिक्षकांच्या वर्गातील सेट वेगळा असल्याने त्यांना हे दाखवता आलेले नाही. शिवाय आता माझी अकरा वर्षांची मुलगीही याच सेटवर बसू लागली आहे. सुरुवात कोठून करावी, हे कृपया सांगावे.

मात्रा_सोळा

सुरुवात सिंबलपासून करू नका, हा माझा पहिला सल्ला. सर्व सिंबल स्टँडसकट बाजूला सरकवा आणि फक्त स्टूल, स्नेअर (गुडघ्यांमधला मुख्य ड्रम) व दोन्ही पेडल एवढेच ठेवा. स्टुलावर बसल्यावर मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती असावी. गुडघे कमरेपेक्षा वर येत असतील तर स्टूल बुटके आहे आणि बुटक्या स्टुलावरून प्रत्येक सिंबल उंचच वाटणार. अनेकांचा खांदा दुखतो तो क्रॅशमुळे दुखतो असे त्यांना वाटत असते, पण खरे कारण त्यांच्या बुडाखाली असते.

बैठक ठरली की हातात काठ्या घ्या, डोळे मिटा आणि क्रॅशवर ठोका द्यायचा आहे अशी कल्पना करून हात मोकळेपणाने टाका. खांदा वर उचलायचा नाही आणि पाठ पुढे न्यायची नाही. हात जेथे थांबेल तेथे डोळे उघडा. क्रॅशची कडा त्या जागी यायला हवी. बहुतेकांच्या बाबतीत ही जागा छाती आणि हनुवटी यांच्या दरम्यान कोठेतरी येते, कपाळाशी येत नाही. कडा कानाच्या पातळीला असेल तर त्रास दुहेरी होतो, कारण ती झणझण थेट कानात शिरते.

आता कल किती असावा याविषयी. उंची आणि कल ही जोडी आहे. एकाला सोडून दुसरे ठरवता येत नाही. तुमची क्रॅश उंच आणि आडवी आहे, म्हणजे खालून वर जाणाऱ्या हाताला तिची धारच समोर दिसते. कोयता उसावर बसावा तशी काठी त्या धारेवर बसते आणि दोघांचेही नुकसान होते, काठी कुरतडली जाते व धातूला खवले पडतात. तीच क्रॅश वीतभर खाली घेऊन तुमच्या बाजूला दहा ते वीस अंश कलती केली, की काठीचे टोक नव्हे तर टोकामागचा निमुळता भाग कडेवर तिरपा येतो आणि पुढे निसटतो. हे निसटणे फार महत्त्वाचे आहे. ठोका देताना मनगट किंचित बाहेरच्या बाजूला फिरवावे, म्हणजे घाव आरपार जात नाही, घासून जातो.

राइडची चूक नेमकी उलट आहे. उभ्या सिंबलवर ठोका सपाट आपटतो, काठीला परतण्यासाठी उसळी मिळत नाही आणि सिंबलचा सगळा भार मधल्या भोकाच्या एकाच बाजूवर लटकतो. राइड इतकीच कलवा की काठीचे टोक कडा आणि बेल (मधला घुमट) यांच्या मधल्या पट्ट्यात सहज टेकेल. मग तेथूनच, कोपर न उचलता, काठीच्या जाड भागाने बेल वाजवून पाहा. कोपर बरगड्यांपासून दूर जायला लागले तर राइड लांब आहे किंवा फार उंच आहे. वीस मिनिटे सलग ठेका धरल्यावर जे जाणवेल तेच खरे. दुकानात दोन ठोके मारून हे कळत नाही.

किनाऱ्यावरचा_ठेका (मडगाव)

मात्रा_सोळा यांचे म्हणणे योग्य आहे, परंतु वीस अंश मला जरा जास्तच वाटतात. मी गेली अनेक वर्षे लग्नसमारंभांत बँडबरोबर वाजवत आहे आणि माझी क्रॅश जवळजवळ आडवीच असते, फक्त ती टॉमच्या (समोरच्या छोट्या ड्रमच्या) वरच्या कडेपासून हातभरच उंच असते. एवढ्या खाली असली की काठी वरूनच येते, मग कलाची गरज फारशी उरत नाही. आडव्या सिंबलला डोलायला जागाही अधिक मिळते आणि तिचा आवाज मोकळा होतो. तेव्हा आधी उंची उतरवा आणि गरज भासेल तेवढाच कल द्या, असे मी सुचवेन.

दुसरी गोष्ट स्टँडची. आडवी भुजा असलेला बूम स्टँड वापरत असाल तर भुजा ज्या दिशेला जाते त्याच दिशेला, तिच्या बरोबर खाली, तिवईचा एक पाय आला पाहिजे. दोन पायांच्या मधून भुजा बाहेर काढली तर २० इंची सिंबल स्टँडला अलगद ओढून घेते. समुद्रकाठच्या एका कार्यक्रमात माझी राइड अशीच फ्लोअर टॉमवर (जमिनीवर उभ्या मोठ्या टॉमवर) आडवी झाली होती आणि तीही नवरानवरी मंचावर येण्याच्या क्षणी. उघड्यावर वाऱ्याचाही विचार करावा लागतो, कारण कलते सिंबल शिडासारखे वारा धरते. तेथे मी सर्व सिंबल खाली आणि आडवे घेतो आणि तिवईवर वाळूची पिशवी ठेवतो. विंगनट (सिंबलच्या वरचा, बोटांनी फिरवायचा नट) मात्र घट्ट आवळत नाही.

जुना_झांजवाला (पुणे)

हाय-हॅटविषयी कोणी लिहिलेले दिसत नाही, म्हणून लिहितो. मी ड्रमसेटकडे वळण्यापूर्वी गणेशोत्सवात पथकात झांज वाजवत असे. झांज वाजवणारा दोन्ही थाळ्या समोरासमोर तंतोतंत आपटत नाही. एकीची कडा क्षणभर आधी टेकवतो आणि मग दुसरी मिटतो. तंतोतंत आपटल्या तर आत हवा कोंडते, हाताला हिसका बसतो आणि आवाज फुसका येतो. तुमच्या हाय-हॅटचे ‘फस्’ हे तेच आहे.

हाय-हॅटच्या स्टँडवर खालची थाळी ज्या बैठकीवर टेकते तिच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवला की खालची थाळी एका बाजूने काही मिलिमीटर उचलली जाते. थोडा फिरवा, पाय दाबून ऐका, पुन्हा थोडा फिरवा. ‘चिक्’ स्वच्छ आला की थांबा. फार उचलली तर मिटलेल्या हाय-हॅटमध्ये एका बाजूने खडखड राहते. वरची थाळीदेखील क्लचमध्ये (तिला दांड्यावर धरणाऱ्या पकडीत) करकचून बांधू नका, तिला किंचित डुलता आले पाहिजे. दोन थाळ्यांमधले अंतर सुरुवातीला बोटाच्या जाडीइतके ठेवावे आणि स्नेअरपासून हाय-हॅटची उंची साधारण एक वीत. याहून खाली घेतली तर उजव्या हाताखाली डावा हात स्नेअरवर अडकतो. एक अवांतर माहिती द्यायचा मोह आवरत नाही. ही जोडी १९२० च्या दशकात पायाशी, जमिनीलगतच असे. त्याच दशकाच्या अखेरीस ती दांड्यावर चढली आणि मग काठीने वाजवता येऊ लागली.

उशिरा_सुचलेले (नाशिक)

सर्वांचे आभार. काल रात्री क्रॅश स्टँडवरून उतरवली आणि एक गोष्ट ध्यानात आली. मधल्या भोकाला एका बाजूने खाच पडली असून भोक गोल राहण्याऐवजी कुलपाच्या छिद्रासारखे दिसते. विंगनट तर मला पकडीनेच सोडवावा लागला. कलामुळेच हे झाले का? आणि सिंबल बाद झाले का?

मात्रा_सोळा

बाद झालेले नाही, वेळीच पाहिलेत. दांड्यावर प्लॅस्टिकची नळी होती का, ते पाहा, बहुधा नसेल. स्टँडचा दांडा पोलादी आणि आटे पाडलेला असतो, सिंबल मात्र काशाचे असते. तांबे साधारण ऐंशी टक्के आणि कथील वीस टक्के ही चांगल्या ओतीव सिंबलची जुनी घडण आहे, तिचा आवाज सुंदर येतो, पण पोलादी आट्यांपुढे ती मऊच. नळी नसली की प्रत्येक ठोक्याला दांडा भोक कातरत राहतो. कल जितका जास्त, तितका भार एकाच बाजूला आणि खाच तितकी खोल. विंगनट आवळलेला असेल तर सिंबलला डोलून घाव जिरवता येत नाही आणि मग तडा कडेला जातो.

बारीक गोल कानशीने खाचेचे टोकदार कोपरे तेवढे हलके घासून गोलसर करा, भोक मोठे करू नका. नंतर ओळीने धातूची चकती, खालचे फेल्ट (मऊ लोकरी चकती), नळीवरून सिंबल, वरचे फेल्ट आणि विंगनट असे बसवा. तयार नळी मिळाली नाही तर दांड्यावर घट्ट बसेल आणि भोकातून सहज जाईल अशी पारदर्शक नळी हार्डवेअरच्या दुकानातून कापून आणावी. मी कित्येक महिने अशीच वापरली आहे. विंगनट किती आवळावा याची परीक्षा सोपी आहे. कडा एका बोटाने खाली दाबून सोडा. सिंबल तीन-चार वेळा झुलून शांत झाले तर ठीक, जागच्या जागी थिजले तर एक फेरा सैल करा.

कडेवर जेथे नख अडकले ती जागाही तपासा. नुसता खवला असेल तर चालेल. केसासारखी रेघ आत सरकत असेल तर तिच्या टोकाशी बारीक खूण करून महिन्याभराने पुन्हा पाहा आणि तोवर सिंबल फिरवून ती बाजू तुमच्यापासून दूर ठेवा.

उलट्या_हाताची (ठाणे)

धागा वाचून एक शंका विचारते. मी डावखुरी आहे, पण सेट उजव्यांसारखाच मांडते. हाय-हॅटवर हातांची कात्री होऊ नये म्हणून राइडही डाव्या बाजूलाच आणली तर काही बिघडेल का?

किनाऱ्यावरचा_ठेका (मडगाव)

काहीही बिघडत नाही, ताई. बिली कॉबम हे हात न ओलांडता वाजवणारे ड्रमर म्हणून प्रसिद्धच आहेत. तेव्हा राइड हाय-हॅटच्या शेजारी, किंचित वर घ्या. फक्त दोघींच्या कडा एकमेकींना लागू देऊ नका. क्रॅशसारखा जोरदार ठोका बसला की सिंबल किती डोलते ते आधी हाताने हलवून पाहा आणि मग अंतर ठरवा.

जुना_झांजवाला (पुणे)

नाशिककरांच्या कन्येविषयी राहिले. तिच्यासाठी वेगळा सेट नको, खुणा पुरेत. स्टँडच्या नळीवर तुमच्या उंचीला एका रंगाची आणि तिच्या उंचीला दुसऱ्या रंगाची चिकटपट्टी लावा. खाली सतरंजी अंथरून त्यावर तिवईच्या पायांच्या जागाही आखा. मुलांच्या बाबतीत उंचीपेक्षा अंतराची चूक जास्त होते, राइडपर्यंत पोहोचण्यासाठी ती स्टुलावरून पुढे सरकतात आणि मग पेडलवरचा पाय आखडतो. तिची राइड बेस ड्रमच्या वर, जवळ ओढा आणि तुमच्यापेक्षा थोडी अधिक कलती ठेवा, कारण तिचा हात खालून येतो.

उशिरा_सुचलेले (नाशिक)

पंधरा दिवसांनी लिहीत आहे. स्टूल दोन बोटे वर गेले, क्रॅश वीतभर खाली आली आणि कल मी दोघांच्या मधला, पंधरा अंशांच्या आसपास ठेवला. नळी बसवली. हाय-हॅटचा स्क्रू सापडायलाच अर्धा तास गेला, तो गंजून बैठकीत रुतला होता. तेल सोडून रात्रभर ठेवल्यावर फिरला आणि पाव फेऱ्यातच ‘चिक्’ परत आले. नव्या काठ्यांवर कुरतडल्याच्या जागी आता लांबट, गुळगुळीत घासा दिसतो. खांदा तीन गाण्यांपर्यंत तक्रार करत नाही, चौथ्याला करतो. राइडची बेल मात्र अजून कोपर उचलल्याशिवाय मिळत नाही, मधला टॉम आड येतो.

मात्रा_सोळा

मग राइडला हात लावू नका. टॉम खाली घ्या आणि त्याचा तुमच्याकडचा कल कमी करा, राइड आपोआप दोन बोटे जवळ येईल.