व्हिनेगर-सोड्याचा 'गरम बर्फ' जमत नाहीये

काचनळी:
गार झाल्यावरही पातळ राहणारं आणि दाणा टाकताच गरम होत गोठणारं द्रावण, म्हणजे 'गरम बर्फ', करायचा होता. १ लिटर ४ टक्क्यांचं व्हिनेगर, ६० ग्रॅम खायचा सोडा. फेस बसल्यावर स्टीलच्या पातेल्यात आटवलं. पहिल्या खेपेला वर जाड साय धरेपर्यंत आटवलं, तर गार होता होताच दगड झाला. दुसऱ्या खेपेला २०० मिलीवर गॅस बंद केला. गार झाल्यावर साखरेचा दाणा टाकला, तरी ढिम्म. नक्की कुठे थांबायचं?

आम्लपित्त:
अंदाजाने नको, काट्यावर ठरवा. रिकामं पातेलं आधी तोलून ठेवा. ६० ग्रॅम सोड्यापासून सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट (गोठणारा क्षार हाच, स्फटिकात पाणी धरून असलेला) फार तर ९७ ग्रॅम होतं, आणि त्यातही जवळपास ४० टक्के पाणीच. आतला ऐवज ९७ च्या खाली गेला की निर्जल (पाणी नसलेला) क्षार सुटायला लागतो. तुमची साय ती हीच. १६५ च्या वर राहिला तर ३० अंशांना सगळा क्षार पाण्यात आरामात मावतो, मग दाणा टाका नाहीतर टाळ्या वाजवा. १०५ ते ११० ग्रॅमला गॅस बंद.

साखर चालत नाही, गोठणं सुरू करणारं बी त्याच स्फटिकाचं लागतं. पहिल्या दगडाचा कण जपून ठेवा. पातेल्याच्या कडेला वाळलेले पांढरे पापुद्रे मात्र चमचाभर गरम पाण्याने द्रावणात उतरवा. त्यातला एक जरी आत पडला तरी वेळेआधी गोठतं. गरम असतानाच स्वच्छ काचेच्या बरणीत ओता, झाकण लावा आणि हलवू नका.

मोल_भाव:
वरचं बरोबर, पण सोडा जास्त झालाय. १ लिटरमधल्या ४० ग्रॅम आम्लाला ५६ ग्रॅम पुरतो. उरलेल्या ४ ग्रॅमचा उकळताना धुण्याचा सोडा होतो आणि तो तसाच द्रावणात राहतो. ७५ मिली व्हिनेगर आणखी घाला. किंचित आम्ल उरलं तर बिघडत नाही, बरंचसं वाफेबरोबर जातं (खिडकी उघडी ठेवा, नाक झोंबतं). लोखंडी कढई नको, द्रावण तांबूस होतं. आणि बेकिंग पावडर तर नाहीच, तिच्यात कॉर्नफ्लोअर असतं.

काचनळी:
कळलं. पण याच द्रावणाच्या शेकायच्या पिशवीत दाणा कुठे टाकतात? नुसती धातूची चकती टिचकवतात.

आम्लपित्त:
चकतीच्या बारीक चिरांत स्फटिकांचे कण दबून राहतात, टिचकीने ते मोकळे होतात. मग पिशवी ५८ अंशांच्या आसपास चढते. परत वापरायला उकळत्या पाण्यात पूर्ण पारदर्शक होईतो ठेवायची. कोपऱ्यात पांढरा ठिपका राहिला की गार होताना पुन्हा गोठलीच.