प्लॅस्टिकचं मॉडेल स्टीम इंजिन पूर्णा शेडच्या वायपीसारखं करायचंय, रंगाचं आणि डिटेलिंगचं सांगा

पूर्णा_मीटरगेज (परभणी)
नमस्कार मंडळी, माझ्याकडं एचओ स्केलचं (१:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं) एक ४-६-२ (पुढं चार, मधी सहा, मागं दोन चाकं) मॉडेल इंजिन आहे, अमेरिकन पद्धतीचं, सेकंडहँड घेतलेलं, मोटर झकास चालते पण दिसायला नुसतं चकचकीत काळं खेळणं. आमचे आजोबा पूर्णा शेडला फायरमन होते, शाळेत असताना त्यांचा डबा घेऊन जायचो तेव्हा वायपी, वायजी ही मीटरगेजची इंजिनं वाफ सोडत उभ्या दिसायच्या, तो वास अजून नाकात आहे. तसलीच वायपी करायलोय. वरची घंटा काढली कारण आपल्या इंजिनांना घंटा नसते, बॉडीतच ओतलेले हँडरेल ब्लेडनं तासले, पण काल दुपारी गच्चीवर स्प्रे मारला तर सगळा रंग सँडपेपरसारखा खरखरीत बसला. आता काय करावं कळंना गेलंय. आणि मीटरगेजचं (रुळांत एक मीटर अंतर असलेलं) इंजिन एचओच्या १६.५ मिमीच्या रुळावर लैच चुकीचं दिसंल का?

लातूर_नॅरोगेज
दादा, आपल्याकडं मे महिन्यात दुपारी स्प्रे मारायचाच नाही, पारा चाळीसच्या वर असतो, रंगाचा थेंब बॉडीला लागायच्या आधी हवेतच वाळतो आणि भुकटी होऊन बसतो. पहाटं सहाला मारा, स्प्रेचा डबा रात्रभर घरात सावलीत ठेवा, थर पातळ. झालेला खरखरीतपणा हजार नंबरच्या पॉलिशपेपरनं पाणी लावून हलक्या हातानं काढा, थिनर अजिबात लावू नका, प्लॅस्टिक विरघळतं.

गेजचं म्हणाल तर १:८७ ला मीटरगेज साडेअकरा मिमी येतं, त्यासाठी १२ मिमीचे रूळ मिळतात पण चासी पूर्ण बदलायला लागंल. पहिल्याच इंजिनाला एवढं करू नका, १६.५ वरच राहू द्या. मी स्वतः बार्शी लाईट रेल्वेचं करायलोय, तिचं गेज ७६२ मिमी होतं, ते १:८७ ला एन स्केलच्या (एचओपेक्षा छोट्या मापाच्या) ९ मिमी रुळावर जवळपास बसतं, म्हणून एनची चासी घेऊन वर स्टायरीनची (प्लॅस्टिकच्या पत्र्याची) बॉडी बांधतोय.

हँडरेलला ०.४ मिमीची पितळी तार घ्या, १:८७ ला ती खऱ्या साडेतीन सेंटीमीटरच्या नळीएवढी दिसते. भोकं हातानं फिरवायच्या ड्रिलनं पाडा, मशिननं प्लॅस्टिक वितळतं.

जुना_लोकोवाला (नांदेड)
पोरा, तुझ्या आजोबांच्या शेडला मीही होतो म्हणून जीव लावून सांगतो. मळवायचं म्हणून सगळीकडं सारखं मळवू नको, इंजिन कुठं कशानं घाण होतं ते आधी ध्यानात घे. आपल्याकडचं पाणी जड, क्षाराचं, त्यामुळं सेफ्टी व्हॉल्वच्या खाली, वॉशआउट प्लगच्या (बॉयलर धुवायच्या भोकाच्या बुचाच्या) खाली आणि बॉयलरात पाणी ढकलणाऱ्या इंजेक्टरच्या ओव्हरफ्लो नळीजवळ पांढरे ओघळ सुकलेले असायचे, हे काढलेस की कुणीही ओळखंल की इंजिन मराठवाड्यातलं आहे. स्मोकबॉक्स (बॉयलरच्या पुढचा धुराचा भाग) तापून तापून राखाडी पडतो, तिथला काळा आणि बॉयलरचा काळा वेगळा पाहिजे. चाकांवर आणि टेंडरच्या (मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या) बोगीवर ब्रेकची तांबूस धूळ. पण कनेक्टिंग रॉडवर गंज दाखवू नको, ड्रायव्हर दर स्टेशनला तेलाची झारी घेऊन खाली उतरायचा, तिथं तेलकट चमक राहू दे. आणि बाजूला दोन बफर (धक्का झेलणारे दांडे) चिकटवू नको, मीटरगेजला मधोमध एकच कपलर असतो, तुझ्या अमेरिकन इंजिनालाही बाजूचे बफर नाहीत, तेवढं काम वाचलं.

रंग डब्यातला निव्वळ काळा घेऊ नको, थोडा करडा मिसळ, नाहीतर एवढ्याशा मॉडेलवर सगळं डिटेलिंग त्या काळ्यात बुडून जातं. आधी मॅट वार्निश मार, मग सुके पेस्टल खडू ब्लेडनं खरवडून ती पूड मऊ ब्रशनं लाव, चकचकीत बॉडीवर पूड टिकत नाही. वरून परत वार्निश मारलं की पूड फिकी पडते, म्हणून आधीच जरा जास्त लाव. चाकाच्या रुळावर टेकणाऱ्या कडेला मात्र रंग लागू देऊ नको, तिथूनच करंट येतो.

पूर्णा_मीटरगेज (परभणी)
काका, वाचून डोळे भरले. ते पांढरे ओघळ मी विसरूनच गेलो होतो, तुम्ही लिहिलं अन् एकदम समोर आले. आज पहाटं परत रंग मारला, गुळगुळीत बसलाय. टेंडरात खरा कोळसा घातलाय, लोहाराकडून मूठभर आणला, कुटला, चहाच्या गाळणीनं भुकटी काढून टाकली आणि पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलमधी भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून चिकटवला. सगळ्यात मोठा खडा दीड मिमीचा ठेवलाय. टेंडरवर पाणी भरताना सांडून जे ओघळ यायचे ते कसे काढायचे? ब्रश आडवा का उभा?

जुना_लोकोवाला (नांदेड)
उभा. झाकणापासून खाली, एकदाच, आणि हात मधी थांबवू नको. झालं की फोटो टाक.