फ्लेग्मॅटिक: शाबासकी की टोमणा?

रातपाळी_कोल्हापूर: मंडळी, एका शब्दाने डोकं खाल्लंय. मी इंग्लंडमध्ये नर्स आहे, तिसरं वर्ष. परवा अप्रेझल झालं. मॅनेजरबाईंनी लिहिलंय, मी 'इमर्जन्सीत फ्लेग्मॅटिक' असते. आता फ्लेग्म म्हणजे कफ, तो तर मी रोज सक्शन लावून काढते! डिक्शनरीत एकीकडे 'शांत', लगेच पुढे 'मंद, निरुत्साही'. काय समजायचं?

संदर्भ सांगते. मागच्या महिन्यात रात्री तीनला सात नंबरचे आजोबा निपचित पडले. श्वास नाही, नाडी नाही. नवीन मुलगी किंचाळली. मी पलंग सपाट केला, छाती दाबायला लागले आणि तिला म्हटलं, "२२२२ फिरव, वॉर्डचं नाव सांग." (हॉस्पिटलमधला इमर्जन्सी नंबर.) आवाज चढवला नाही, एवढंच. (आजोबा वाचले. पुढच्या आठवड्यात चहा गार आहे म्हणून माझ्यावरच खेकसले.)

जुना_मास्तर: ताई, आधी उच्चार. कफाला इंग्रजीत 'फ्लेम' म्हणतात, त्यातला 'ग' गिळायचा. विशेषणात मात्र तो खणखणीत वाजतो.

नातं खरंच कफाशी आहे. ग्रीक वैद्यांच्या मते शरीरात चार रस: रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त. ज्याचा जोर, तसा स्वभाव. सँग्विन (उत्साही), कोलेरिक (तापट), मेलँकोलिक (उदास) ही याचीच भावंडं. कफ थंड आणि ओला, म्हणून कफवाला लवकर तापत नाही. आणि गंमत बघा, मूळ ग्रीक शब्द निघालाय 'जळणे' या क्रियापदावरून!

काढा_घ्या: आपल्या आयुर्वेदात दोष तीनच, रक्त त्यात धरत नाहीत. पण कफप्रकृतीचं वर्णन तेच: चाल संथ, राग उशिरा, क्षमाशील, स्थिर. शिवाय झोपाळू. आमच्या घरी एक नमुना आहे. गॅस संपलेला, पाहुणे दारात, तरी हातातला पेपर खाली येत नाही.

शब्दखोर: भाषांतर हा माझा धंदा, म्हणून चार ओळी जास्त. बाईंनी 'अनफ्लॅपेबल' लिहिलं असतं तर निव्वळ कौतुक. फ्लॅप म्हणजे धांदल, ती न होणारा. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलनना हे विशेषण चिकटलं होतं. जानेवारी १९५८मध्ये अर्थखात्याचे तिन्ही मंत्री एकदम राजीनामा देऊन गेले, तर हे त्याला किरकोळ स्थानिक अडचणी म्हणाले आणि ठरल्याप्रमाणे परदेश दौऱ्यावर निघाले.

'फ्लेग्मॅटिक'ला मात्र दोन्ही बाजूंनी धार आहे. आपल्या 'थंड'सारखं. 'थंड डोक्याची बाई' म्हटलं की मान, 'थंडा माणूस' म्हटलं की अपमान. कशाबद्दल म्हटलंय ते बघायचं. संकटात फ्लेग्मॅटिक, तर शाबासकी. लग्नाच्या मागणीला फ्लेग्मॅटिक उत्तर दिलंत, तर समोरचा रडेल. 'स्थितप्रज्ञ' वापरू नका, तो शब्द फार उंचावरचा. तुमच्या वाक्याला मी 'गडबडून न जाणारी' लिहीन.

रातपाळी_कोल्हापूर: आभार सगळ्यांचे. आज बाईंनाच विचारलं. रोस्टरवरून मान वर न काढता म्हणाल्या, "कौतुकच आहे ते. आणि ख्रिसमसच्या रात्री तुझी ड्यूटी लावलीय."

मी "बरं" म्हटलं आणि औषधांची ट्रॉली घेऊन निघाले.