क्रियापद शेपटावरून ओळखू नका

इंग्रजी शब्दाच्या शेवटी 'इंग' दिसलं की ते क्रियापद समजावं, असं काहीजण सांगतात. हा नियम मुलांना शिकवू नका, प्लीज. 'द रनिंग वॉटर लुक्स क्लीन' या वाक्यात 'रनिंग' पाण्याचं विशेषण आहे. 'स्विमिंग इज फन'मध्ये 'स्विमिंग' हे नाम आहे, वाक्याचा कर्ताच तो.

त्यापेक्षा वाक्य कालचं करून बघा. 'द रनिंग वॉटर लुक्ड क्लीन'. बदललं काय? फक्त 'लुक्स'. मग तेच वाक्याचं मुख्य क्रियापद. 'आय वॉन्ट टू लर्न'चं 'आय वॉन्टेड टू लर्न' होतं, 'लर्न' जागचं हलत नाही. मुलं इथे हमखास 'लर्न'वर बोट ठेवतात, कारण क्रिया त्यात दिसते. 'पुट', 'कट' यांचं भूतकाळी रूप तेच राहतं, तेव्हा कर्ता बदला: 'दे पुट', पण 'शी पुट्स'. 'मस्ट' मात्र दोन्हीला दाद देत नाही. 'कॅन', 'विल', 'मस्ट' ही सहायक क्रियापदं मोजकीच आहेत, ती सरळ लक्षात ठेवावीत.

शब्दांच्या बाकी जातींचंही तसंच, शब्द सुटा विचारला तर उत्तर देऊच नये. 'अ फास्ट ट्रेन'मध्ये 'फास्ट' विशेषण, 'शी रन्स फास्ट'मध्ये क्रियाविशेषण, आणि 'दे फास्ट एव्हरी मंडे'मध्ये चक्क क्रियापद, उपवास करणे. शब्दांच्या याद्या पाठ करून घेणं मला म्हणूनच पटत नाही. मुलाला आधी पूर्ण वाक्य द्या, मग जात विचारा.