टाकीवरचे बारीक ओरखडे: मूळ रंग राखून कसे काढावेत?

प्रश्न (सातारा)

नमस्कार. माझ्याकडे काळ्या रंगाची ३५० सीसीची मोटरसायकल आहे. वडिलांनी निवृत्त होताना ती मला घेऊन दिली, त्यामुळे तिचा मूळ रंग टिकावा अशी मनापासून इच्छा आहे. गेली चार वर्षे रोज सकाळी मी कोरड्या फडक्याने टाकी पुसत आलो. आता गाडी उन्हात उभी केली, की टाकीत दिसणाऱ्या सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे उठून दिसतात. शिवाय कमरेच्या पट्ट्याचे बक्कल जिथे टेकते तिथे बोटभर लांबीचे दोन चरे पडले आहेत. गॅरेजमध्ये टाकी नव्याने रंगवून घ्या असे सांगितले, तर एका मित्राने टूथपेस्ट सुचवली. घरच्या घरी काही करता येईल का?

उत्तर (नाशिक)

मी गाड्यांच्या रंगकामात बरीच वर्षे आहे. टाकी रंगवण्याची घाई कृपया करू नका, कारण कारखान्यात भट्टीत भाजलेल्या रंगाची सर बाहेरच्या रंगाला सहसा येत नाही.

प्रथम चऱ्यावरून आडवे नख फिरवून पाहा. नख अडकले नाही, तर ओरखडा वरच्या पारदर्शक लॅकरपुरताच आहे आणि तो निघेल. नख अडकले, तर चरा खोल आहे. तो घासून काढण्याच्या नादात लॅकर संपते. हे लॅकर साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ असते. पॉलिशने ओरखडा भरत नाही, तर त्याच्या आजूबाजूचे लॅकर झिजून त्याच्या तळाशी येते. म्हणूनच जेवढ्यास तेवढेच घासावे.

तुमचे गोल ओरखडे मुळात गोल नसतात. ते सर्व दिशांना गेलेले असतात, पण प्रकाशाला आडवे असलेले तेवढेच चमकतात आणि त्यांचे वर्तुळ दिसते. फडक्याखाली सापडलेल्या धुळीच्या कणांचे हे काम आहे.

गाडी सावलीत, टाकी पूर्ण गार असताना शॅम्पूने धुऊन कोरडी करा. टाकीच्या कडांवर आणि उंचवट्यांवर मास्किंग टेप लावा, कारण तिथे लॅकर सर्वांत पातळ असते. आधी बारीक पॉलिशच वापरा. त्याने काम झाले नाही तरच रबिंग कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारे भरड पॉलिश, घ्या. वाटाण्याएवढे पॉलिश फोमच्या पॅडवर घेऊन तळहाताएवढ्या भागावर, हलका आणि सारखा दाब देत, पॉलिशचा थर जवळजवळ पारदर्शक होईपर्यंत फिरवा आणि मऊ मायक्रोफायबरने पुसा. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये निम्मे पाणी मिसळून तो भाग पुसून घ्या. पॉलिशमधले तेल ओरखड्यात बसले, की ओरखडा गेल्यासारखा वाटतो आणि दोन धुण्यांनंतर पुन्हा दिसू लागतो. अल्कोहोलने खरी स्थिती लगेच कळते. शेवटी वॅक्स लावा.

टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात हे खरे, पण ते दातांसाठी बनवलेले असतात, लॅकरसाठी नव्हे. त्याऐवजी पॉलिशची लहान बाटली घ्यावी.

उत्तर (पुणे)

वरील सल्ल्यात थोडी भर घालतो. आपल्या टाकीवर सोनेरी रेघा किंवा चिन्ह असेल, तर त्यावरून हलकेच बोट फिरवा. काठ बोटाला जाणवला तर ते लॅकरच्या वर आहे असे समजून टेपने झाकावे, कारण कंपाउंडने रेघ पुसट होऊ शकते. घासताना फडक्याला काळा रंग येऊ लागला, तर तिथे लॅकर उरलेले नाही किंवा त्या रंगावर लॅकर मुळातच नव्हते. अशा वेळी तत्काळ थांबावे. मॅट रंगाच्या गाडीला मात्र यांतले काहीच लावू नये, कारण घासलेल्या जागी कायमचा चकचकीत डाग पडतो.

प्रश्नकर्ता (सातारा)

आपणा दोघांचा मनापासून आभारी आहे. रविवारी अंगणातल्या आंब्याखाली बसून टाकीच्या डाव्या बाजूचे काम केले. नुसत्या पॉलिशच्या तीन फेऱ्यांत जाळे निघून गेले. बक्कलाच्या दोन चऱ्यांपैकी एक पूर्ण गेला. दुसऱ्यात नख अडकत होते, त्याच्या कडा बोथट झाल्या आणि आता तो तिरक्या उजेडातच दिसतो. दोन हजार नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे पाण्यासोबत घासायचा अगदी बारीक सँडपेपर, मारला तर तोही जाईल का?

उत्तर (नाशिक)

वॉटर पेपरने कदाचित जाईल, परंतु मी माझ्या स्वतःच्या गाडीला तो मारला नसता. थर मोजण्याचे यंत्र हाती नसताना किती लॅकर उरले आहे ते कळायला मार्ग नाही, आणि वडिलांनी दिलेल्या टाकीवर तो धोका पत्करावा असे मला वाटत नाही. तो चरा तसाच राहू द्या. उजवी बाजू पूर्ण झाली, की कोरडे फडके बंद करा; धूळ आधी पाण्याच्या धारेने उतरवा आणि मगच टाकीला हात लावा. धुळीने माखलेल्या गाडीवर कव्हरही घालू नका, कारण वाऱ्याने ते हलत राहिले की फडक्यासारखेच घासते.